इंद्राला कुंड, अहल्येला शिळा

यवतमाळहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कळंब येतं. विदर्भाच्या अष्टविनायकांतला चिंतामणी इथला. पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जायचं, तिथे देव आणि देवाजवळ कुंड. कथा साऱ्या जिल्ह्याला पाठ. इंद्रानं गौतम ऋषीचं सोंग घेऊन अहल्येला फसवलं, ऋषीनं शाप दिला, देवांच्या राजाचं अंग विद्रूप झालं. इंद्र इथे आला, गणपतीची आराधना केली, कुंडात बुडी मारली आणि पहिल्यासारखा होऊन परत गेला.

आणि अहल्या?

ती शिळा होऊन पडली. रामाचा पाय लागेपर्यंत.

फसवणाऱ्याला तीर्थ आणि फसलेलीला दगडाचा जन्म. ही वाटणी कोणाला खटकल्याचं मी कधी ऐकलं नाही. चतुर्थीला रांग लागते, नारळ फुटतात, इंद्र बरा झाला म्हणून आपणही बरे होऊ अशी आशा धरून माणसं येतात. त्या आशेला मी हात लावणार नाही. पण त्या रांगेत अहल्येची आठवण किती जणांना होते?

देव आहे की नाही यावर आपल्याकडे रात्र रात्र वाद रंगतात. रंगू द्या. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. तुम्ही देव माना, न माना. पाप कोणाच्या नावावर टाकता तेवढं सांगा.

याच कळंब तालुक्यात राजूर आहे. वैशाली येडे तिथल्या. कर्जापायी नवरा गेला, लेकरं पदरात, शेत उरावर. 11 जानेवारी 2019 रोजी त्या यवतमाळच्या 92व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटक म्हणून व्यासपीठावर उभ्या राहिल्या. आधी तो मान लेखिका नयनतारा सहगल यांना दिला होता. मग धमक्या आल्या, आयोजक डगमगले आणि सहगल यांना येऊ नका असं कळवण्यात आलं. मोठमोठ्या लेखकांनी संमेलनावर बहिष्कार टाकला. रिकाम्या झालेल्या जागी एका कास्तकाराची बायको आली आणि तिनं त्या मंडपातलं सगळ्यात निर्भय भाषण केलं.

काय बोलल्या त्या? माझ्या नवऱ्याचा पुढच्या जन्मावर विश्वास होता. या जन्मी काही जमलं नाही, पुढच्या जन्मी श्रीमंताच्या घरी येऊ, अशा भरवशावर तो गेला. माझा त्या जन्मावर विश्वास नाही. मला लढायचं आहे ते याच जन्मात. आशय असा होता.

पुन्हा वाचा. देवाधर्मावरचे जाडजूड ग्रंथ जिथे पोचत नाहीत, तिथे ही बाई दोन मिनिटांत पोचली.

पुनर्जन्माची कल्पना शेतकऱ्याला कोणी पुरवली? कीर्तनातून, पोथीतून, बुवाच्या दरबारातून ती घरात आली. मागच्या जन्मी काही केलं असशील म्हणून या जन्मी भोगतोस, हे ऐकत तो मोठा झाला. कापसाचा भाव मागच्या जन्मातल्या पापानं पडतो का? तो बाजारात पडतो, आयात-निर्यातीच्या फायलीवर पडतो, खेडा खरेदीच्या काट्यावर पडतो. पण फायलीला पाप लागत नाही. ते चिकटतं ते चुकाऱ्याची वाट बघत बसलेल्या माणसाला.

वैशालीताईंना टाळ्या कडकडून पडल्या. डोळे पुसले गेले, छायाचित्रं निघाली. संमेलन संपलं आणि दोन दिवसांत संक्रांत आली. वाण, तिळगूळ, हळदीकुंकू. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणींनी त्या वर्षी शेजारच्या विधवेला हळदीकुंकवाला बोलावलं?

त्याच वर्षी वैशालीताई यवतमाळ-वाशिममधून लोकसभेलाही उभ्या राहिल्या. पडल्या. मंडपातल्या टाळ्या मतपेटीपर्यंत पोचत नाहीत.

विधवेनं काय पाप केलं असतं? नवरा गेला, हे तिचं पाप. सरण विझायच्या आत बांगड्या फुटतात, कुंकू पुसलं जातं, जोडवी निघतात. हे करणाऱ्या हातांना विचारा, कोणत्या देवानं सांगितलं? उत्तर येतं, रीत आहे. देवाचं नाव काढून घेतलं तरी रीत उभीच राहते. म्हणून तर देव मानणाऱ्याच्या घरात ती सापडते आणि न मानणाऱ्याच्याही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव केला, गावात विधवा प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. शेतकऱ्यांच्या विधवा ज्या जिल्ह्यात गावोगाव आहेत, त्या यवतमाळमध्ये हा ठराव सगळ्यात आधी व्हायला नको होता का? परिपत्रकं इथेही पोचली असतील. फाइलला लागली असतील.

या बायकांनी मात्र थांबणं सोडलं. श्याम पेठकरांनी लिहिलेलं आणि हरीश इथापेंनी बसवलेलं ‘तेरवं’ नाटक त्यांनी स्वतः रंगमंचावर उभं केलं. ज्यांच्या घरी तेराव्याचं जेवण उठलं, त्याच बायका नाटकात. सुतकातल्या बाईनं तोंड दाखवू नये म्हणणारा समाज तिकीट काढून समोर बसला.

आता देवाच्या वादाकडे वळू. या जिल्ह्याला त्यात नवीन काही शिकवायला नको. एकाच तालुक्यात फिरलात तरी चार प्रकारची उत्तरं मिळतात. गोंडाचे पेन म्हणजे देव निराळे, ते देवळात मावत नाहीत. बंजारा तांड्यावर सेवालाल महाराजांचं नाव, आणि जत्रेला जिल्ह्याची हद्द ओलांडून पोहरादेवी. आर्णीत बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यावर हिंदूंची गर्दी मुसलमानांपेक्षा कमी नसते. दारव्ह्याजवळ धामणगाव देवला मुंगसाजी महाराज. महानुभाव पंथाचे लोक एकाच परमेश्वराला मानतात आणि बाकीच्या देवतांपुढे वाकत नाहीत. आणि विहारात जाणाऱ्यानं ईश्वर नावाचं प्रकरण 1956 मध्येच मिटवलेलं.

एवढ्या मतांची माणसं शतकानुशतकं शेजारी राहिली. एकमेकांच्या देवावरून त्यांचं फार अडलं नाही. अडलं ते विहिरीवर, पाणवठ्यावर, पंक्तीत. मग भांडण देवाचं होतं असं कोणी म्हणायचं?

1956 चं साल नीट आठवा. 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात धम्म घेतला आणि लाखोंनी त्यांच्यासोबत देवाची सोबत सोडली. 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. 20 डिसेंबरला वलगावजवळ गाडगेबाबा गेले. सव्वादोन महिन्यांत विदर्भानं दोन उत्तरं पाहिली. एकानं देव बाजूला सारून पंचशील हातात दिलं. दुसऱ्यानं तोंडी देवाचं नाव ठेवून हातात झाडू दिला.

दोघांचा हिशेब मात्र एकाच बाजूनं लागत होता. गाडगेबाबा कीर्तनात उभे राहून लोकांनाच प्रश्न विचारत. बकरं का कापता, तीर्थयात्रेसाठी कर्ज का काढता, पोराला शाळेत का घालत नाही? देवळं बांधली नाहीत त्यांनी. धर्मशाळा बांधल्या. आज त्यांच्याच वऱ्हाडात सप्ताहाच्या मंडपाचा खर्च ऐकला तर छाती दडपते. मंडपात बाबांचा फोटो असतोच.

तो फोटो काढा, नाहीतर बाबांचे प्रश्न त्या मंडपात विचारा. दोन्हीपैकी काहीतरी एक करा.

बुद्धिवाद्यांनी इतक्यात मान डोलवू नये. त्यांचीही पाळी आहे. देव नाही हे सिद्ध करून घरी जायचं आणि आपल्या शेतात निंदणाऱ्या बाईला गड्यापेक्षा कमी रोज द्यायचा, हे या जिल्ह्यात चालतं. विधवेच्या नवसाला अंधश्रद्धा म्हणणारा तिला बँकेत कर्जाचा अर्ज भरून देतो का? देत असेल तर त्याचा नास्तिकपणा मला मान्य. नसेल तर देव न मानणं ही त्याची करमणूक आहे.

जादूटोणाविरोधी कायद्याची गंमत नव्हे, शोकांतिका आठवा. वर्षानुवर्षं विधेयक रखडलं. हा कायदा आला तर धर्म बुडेल, वारी बंद होईल, सत्यनारायण करायला पोलिसांची परवानगी लागेल, असं गावोगाव सांगितलं गेलं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात या कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे, की पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन यांना तो लागू नाही. कोणाची आरती थांबली? एकाची तरी दाखवा.

मग रोखायचं होतं काय? 2012 साली घाटंजी तालुक्यात एका लहानग्या मुलीचा नरबळी दिला गेला. गुप्तधन, चांगलं पीक, देवीचा कोप, असलं काहीतरी मोठ्या माणसांच्या डोक्यात असतं आणि मान लेकराची जाते. त्या लेकरानं कोणतं पाप केलं होतं? धर्म बुडेल म्हणून ओरडणाऱ्यांपैकी किती जण तिच्या मायच्या दारात जाऊन बसले?

देव असेल तर त्यानं पहिला जाब या लोकांना विचारावा. नसेल तर आपल्याला विचारावाच लागेल.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. आत्महत्या पाप आहे, असं आपले जवळपास सगळे धर्म सांगतात. सांगण्यामागे जीव वाचावा ही तळमळ असेल, ती मला कळते. पण हे वाक्य ज्या घरातून माणूस गेला त्या घरासमोर उच्चारलं की त्याचा अर्थ पालटतो. मेलेला पापी ठरतो. मागे राहिलेली बायको पाप्याची बायको ठरते. सावकार मात्र तेराव्याला येऊन जेवून जातो.

कायदा शहाणा झाला. इंग्रजांच्या काळापासून आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, वाचलेल्या माणसाला तुरुंगाची भीती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं म्हटलं, असं पाऊल उचलणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असं धरा, त्याला शिक्षा नको, उपचार द्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतून ते जुनं कलमच गेलं. दंडसंहितेनं जे दीडशे वर्षांत सोडलं, ते प्रवचनकार कधी सोडणार?

सरकारनं मात्र फार लवकर खूश होऊ नये. त्याचंही एक चित्रगुप्ताचं दफ्तर आहे. शेतकरी गेला की जिल्हाधिकाऱ्यांची समिती बसते आणि ठरवते, पात्र की अपात्र. नापिकी दाखवा. बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज दाखवा. त्या कर्जाचा तगादा दाखवा. कागद जुळले तर एक लाख, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. 2006 पासून रक्कम तीच.

कर्ज गावातल्या बिनपरवान्याच्या सावकाराचं असेल तर? अपात्र. मक्त्यानं दुसऱ्याचं वावर वाहणारा असेल तर? कागदाला विचारा. यमाच्या दरबारात तरी चांगलंवाईट दोन्ही मोजतात अशी श्रद्धा आहे. इथे फक्त शिक्का मोजतात.

2017 चा पावसाळा आठवतो? पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, उकाडा प्रचंड, बोंडअळीच्या धाकानं फवारणीवर फवारणी. औषध वर मारलं की तोंडावर, अंगावर यायचं. शेतकरी, शेतमजूर शेकड्यांनी दवाखान्यात दाखल झाले. जिल्ह्यात 20 हून अधिक माणसं गेली. आणि पहिला बोल कोणाला लागला? त्यांनाच. हातमोजे घातले नाहीत, तोंडाला फडकं बांधलं नाही, वाऱ्याची दिशा पाहिली नाही, दोन औषधं एकात मिसळली.

हातमोजे घालून तसल्या उकाड्यात पंप पाठीवर घेऊन एकदा वावरातून चालून दाखवा, मग बोला.

औषधं कोणी विकली, कोणाच्या सल्ल्यानं मिसळली, डब्यावरचे इशारे मजुराला वाचता येतील असे होते का, कृषी खात्याचा माणूस त्या हंगामात बांधावर किती वेळा आला, हे प्रश्न नंतर आले. फार नंतर. तोवर मेलेल्याचा निष्काळजीपणा हे सगळ्या चर्चेचं शीर्षक झालं होतं. अहल्येनं आवाज ओळखायला हवा होता, असं म्हणण्यासारखं हे आहे.

पण यवतमाळच्या माणसांनी इथे एक गोष्ट केली, तिचा मला अभिमान वाटतो. 2020 मध्ये बाधितांच्या 51 कुटुंबांनी थेट स्वित्झर्लंडच्या सरकारी यंत्रणेकडे तक्रार केली. काहींनी तिथल्या बाझेलच्या न्यायालयाची पायरी चढली. आरोप असा, की ज्या कीटकनाशकाला युरोपात परवानगी नाही, ते तिथल्या कंपनीनं आम्हाला विकलं. कंपनीनं जबाबदारी नाकारली. तरी विचार करा. आर्णी-घाटंजीकडची माणसं, ज्यांना मागच्या जन्माचं भोगतोस असं सांगितलं जातं, त्यांनी भोगायला नकार देऊन ज्याच्याकडे बोट दाखवायचं त्याच्याकडे दाखवलं. समुद्रापार.

यातल्या किती जणांच्या घरात देवघर असेल? बहुतेकांच्या असेल. देवघर असणं आणि दोषी कोण हे नेमकं ओळखणं, या दोन गोष्टी एका माणसात सुखानं नांदतात. बुद्धिवाद्यांनी हे बघावं. भाविकांनीही बघावं.

दोषी कोण हे न ठरलेलं एक घरही याच जिल्ह्यातलं. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे गावचे सरपंच राहिलेले, गाण्याबजावण्याची जाण असलेले. 19 मार्च 1986 ला ते, बायको आणि चार लेकरं, अख्खं घर संपलं. शेतकरी म्हणून जगणं अशक्य झालं, असं लिहून ठेवून. चार लेकरांना त्यात ओढण्याचं समर्थन कोणीच करू शकत नाही, मीही करणार नाही. पण त्या घराला तिथवर ढकलणाऱ्या कायद्यांवर, भावांवर, वीजबिलांवर चाळीस वर्षांत कोणी पापाचा शिक्का मारला?

2017 पासून किसानपुत्र आंदोलनाच्या अमर हबीब यांच्या हाकेवरून शेतकऱ्यांची लेकरं 19 मार्चला अन्नत्याग करतात. एक दिवसाचा उपास. कोणत्या देवाचा? कोणाचाच नाही. त्याला कथा नाही, उद्यापन नाही, फराळाला साबुदाणा नाही. एकादशी मोडली तर जीव घाबरणारी माणसं या उपासाला अजून ओळखत नाहीत.

म्हणून मागणी सरळ आहे आणि ती कळंबच्या विश्वस्तांपासून विहारातल्या भंतेजींपर्यंत, दर्ग्याच्या मुजावरांपासून अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांपर्यंत सगळ्यांना आहे. येत्या 19 मार्चला आपापल्या ठिकाणी माईक लावा. गावात मागच्या वर्षभरात ज्या घरातला कर्ता गेला, त्या घरातल्या बाईला पुढे बोलवा, कुंकू लावायचं असेल तर लावा, खुर्ची द्या. मग तिच्या घरावर कोणाचं किती कर्ज होतं, व्याज किती लावलं, बँकेनं अर्ज का परत केला, कापूस कोणत्या भावानं गेला आणि चुकारा किती दिवस अडला, ते तिलाच सांगू द्या. नावं घेऊन. सावकार समोर बसला असेल तर बसू द्या.